पटावरची घरे

१

मराठीत पटावरच्या चौकोनाला घर म्हणतात. बुद्धिबळाची घरे चौसष्ट. प्यादे एक घर सरकते, घोडा अडीच घरे चालतो आणि मेलेले मोहरे पटाबाहेर ठेवले जाते. सारीपाटाच्या सोंगट्याही घराघरांतूनच फिरतात. हा शब्द वापरून इतका गुळगुळीत झालेला आहे की त्यात चूल, उंबरा, माळवद असे काही असू शकते याचे भान बोलणाऱ्याला राहत नाही. शब्दाचा मूळ अर्थ पुन्हा ऐकू येण्यासाठी कधी कधी परकी वस्तू मध्ये यावी लागते. मुरुडच्या एका घरात ती वॉटर्लूच्या रूपाने आली.

मुरुड हे लातूर-बार्शी रस्त्यावरचे बाजाराचे गाव. तिथल्या एका निवृत्त इतिहासशिक्षकांना सारे गुरुजी म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. पुण्यात अभियंता असलेल्या त्यांच्या नातवाने दिवाळीच्या सुटीत एक परदेशी खेळ आणला. खोक्यात नकाशा, पुठ्ठ्याच्या नखाएवढ्या चकत्या, एक फासा आणि नियमांची पुस्तिका होती. विषय १८ जून १८१५ ची लढाई. नकाशावर टेकड्या, रस्ते, राने, वाड्या काढलेल्या आणि त्या सगळ्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखे षट्कोनांचे जाळे पसरलेले. प्रत्येक चकतीवर दोन आकडे होते: एक बळाचा, दुसरा चालीचा. हल्ला करणाऱ्याचे बळ आणि बचाव करणाऱ्याचे बळ यांचे गुणोत्तर काढावयाचे, फासा टाकावयाचा आणि कोष्टकात निकाल पाहावयाचा. आक्रमक मागे हटतो, बचाव करणारा मागे हटतो, किंवा दोघांपैकी एक नष्ट होतो. चकतीभोवतीच्या सहा घरांवर तिचा दाब असतो. शत्रूला त्या घरांत शिरताच थांबावे लागते. त्याला काय म्हणावे याचा नातू विचार करू लागला तेव्हा गुरुजींनी चटकन शब्द दिला, ‘अंमल’.

खेळ सुरू झाला. इंग्रजांच्या उजव्या बगलेला एक तटबंद वाडी होती, ऊगोमाँ. नातू म्हणाला, “आबा, वाडीत उभं राहिलं की बचावाचं बळ दुप्पट धरायचं.” गुरुजींनी विचारले, “अन् वाडीतली माणसं?” नातवाने पुस्तिका चाळली. “ती नियमांत नाहीत.”

प्रस्तुत विवेचनाचा विषय हे उत्तर आहे. ‘ती नियमांत नाहीत’ हे वाक्य खेळापुरते साधे आहे. कथनमीमांसेच्या अंगाने पाहिले तर ते तितके साधे राहत नाही.

२

युद्धाचा पट ही कल्पना या भूमीला अपरिचित नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाचे विवेचन आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात ‘नीतिमयूख’ या राजनीतिविषयक ग्रंथात बुद्धिबळाला जागा दिली. म्हणजे पटावरची लढाई राजाच्या करमणुकीत बसते तशी राजधर्माच्या चर्चेतही बसते, असे आपल्याकडील पंडितांना वाटत होते. मात्र बुद्धिबळात दोन्ही बाजू समान असतात, भूमी सपाट असते आणि दैवाला स्थान नसते. तो युद्धाचा सारांश आहे. कोणत्याही एका युद्धाची प्रतिकृती नव्हे.

प्रतिकृतीची हाव युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झाली. ब्रुन्स्विकच्या हेल्विगने १७८० मध्ये बुद्धिबळाच्याच आधारे सोळाशेहून अधिक घरांचा पट रचला आणि घरांना रंग देऊन त्यांत डोंगर, दलदल व पाणी आणले. प्रशियाच्या राइसविट्झने १८१२ मध्ये आपल्या राजाला भूरचनेचे ठोकळे मांडता येतील असे मेजच नजर केले. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये घरे काढून टाकून खऱ्या लष्करी नकाशावर खेळावयाचा, फासे आणि पंच असलेला खेळ प्रसिद्ध केला. हा खेळ नव्हे, हे तर युद्धाचे शिक्षण, असा निर्वाळा त्याला ज्या सेनापती म्युफलिंगने दिला, तो वॉटर्लूच्या मोहिमेत वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून होता. नेपोलियनशी झालेल्या युद्धांची आठवण ताजी असतानाच ती मेजावर उतरली होती.

विसाव्या शतकात हा पट सैन्याच्या दालनातून दिवाणखान्यात आला. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने १९५४ मध्ये पहिला खेळ विकावयास काढला. त्याच्या ॲव्हलॉन हिल या संस्थेने १९६१ च्या सुमारास चौकोनांऐवजी षट्कोन स्वीकारले आणि १९६२ मध्ये ‘वॉटर्लू’ प्रसिद्ध केला. षट्कोनाचा फायदा गणिती आहे: चौकोनातून तिरपे गेले की अंतर वाढते, षट्कोनाला सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. पुढे न्यूयॉर्कच्या एसपीआय या संस्थेने १९७१ मध्ये ‘नेपोलियन ॲट वॉटर्लू’ हा अगदी थोडक्या नियमांचा खेळ नवशिक्यांसाठी काढला. फ्रान्समध्ये ‘दृश्यांच्या समाजा’चा टीकाकार गी दबोर यानेही अठराव्या शतकातील युद्धकलेवर आधारलेला पाचशे घरांचा एक खेळ रचला. त्यात फासा नाही. सैन्याचा आपल्या कोठाराशी असलेला संपर्क तुटला की ते निष्प्रभ होते, हा त्याचा मुख्य नियम. दबोरच्या विचारातील दळणवळणाचे महत्त्व या एका नियमात जितके स्वच्छ दिसते तितके त्याच्या पानेच्या पाने गद्यातही क्वचित दिसते.

येथे साहित्याच्या अभ्यासकाला रस वाटावा अशी गोष्ट आहे. या खेळातील नियम केवळ खेळण्याची शिस्त सांगत नाहीत. ते कार्यकारणभावाविषयी विधान करतात. घोडदळाला कोणता आकडा द्यावा, चिखलाने तोफा किती मंदावाव्यात, सेनापतीची आज्ञा किती घरांपर्यंत पोचावी हे ठरविणारा माणूस इतिहासाचे भाष्य लिहीत असतो. फरक इतकाच की भाष्यकाराचे मत वाचकाला नाकारता येते. नियमकर्त्याचे मत खेळणाऱ्याला पाळावे लागते. कादंबरीतील सर्वसाक्षी निवेदकालाही इतका अधिकार कधी मिळाला नाही.

३

‘इतिहासात जर-तरला स्थान नाही’ असे आपल्याकडे सारखे बजावले जाते. तरीही पानिपताविषयीचे मराठी लेखन या जर-तरने भरलेले आहे. विश्वासरावास गोळी लागली नसती तर, भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर, गोलाची लढाई सर्वांनी मनापासून पत्करली असती तर. बखरकार या प्रश्नांचे उत्तर दैवावर सोपवितो, त्र्यं. शं. शेजवलकरांसारखा इतिहासकार रणभूमीवर जाऊन, अंतरे आणि रसद मोजून ते शोधतो. पटावरचा खेळ तिसरी वाट घेतो. तो दैवाला एका फाशात कोंडतो, रसदीचा नियम करतो आणि उरलेली जबाबदारी खेळणाऱ्याच्या गळ्यात घालतो. ॲरिस्टॉटलने इतिहासकाराकडे जे घडले ते आणि कवीकडे जे घडू शकले असते ते, अशी वाटणी केली होती. हा खेळ त्या दोन वाट्यांमधल्या बांधावर उभा आहे. जे घडले त्याच्या मर्यादेत राहून जे घडू शकले असते ते तो पुन:पुन्हा घडवून पाहतो.

मात्र साहित्याने या खेळाच्या मूळ गृहीतकावर फार पूर्वीच शंका घेतली आहे. तॉलस्तॉयच्या ‘युद्ध आणि शांती’त बोरोदिनोच्या आदल्या दिवशी पिएर युद्धाची तुलना बुद्धिबळाशी करतो. त्यावर आंद्रेईचे म्हणणे असे, की घोडा प्याद्याहून नेहमी बलवान असतो, ही खात्री पटावरच मिळते. रणांगणात एखादी पलटण कधी अख्ख्या डिव्हिजनला भारी पडते, कधी एका कंपनीपुढे टिकत नाही. म्हणजे चकतीवरचा आकडा हेच असत्य. स्तांदालने ‘पार्माचा मठ’ या कादंबरीत फाब्रिसला वॉटर्लूच्या धुरात हिंडवले आणि अखेर, आपण पाहिली ती खरोखर लढाई होती काय, या संभ्रमात सोडून दिले. तॉलस्तॉयला आकडा मान्य नाही. स्तांदालला उंची मान्य नाही. पटावर मात्र खेळणारा सदैव उंचावर असतो. त्याला टेकडीच्या पलीकडचे दिसते, धुरात डोळे चोळावे लागत नाहीत, आणि कोणाचाही चेहरा दिसत नाही.

त्या ऊगोमाँच्या वाडीविषयी एक आठवण सांगितली जाते. मालक निघून गेले तरी तिथला माळी बाग सोडून गेला नाही. दिवसभर तोफा चालू असताना तो आपल्या लहान मुलीसह तिथेच होता, आणि एका सैनिकाने त्या मुलीला सुखरूप बाहेर पोचवले. वाडी अखेरपर्यंत पडली नाही. इतिहासाने ती इंग्रजांच्या खाती मांडली, खेळाने ती दुप्पट बळाच्या खाती मांडली. माळी दोन्ही खात्यांत नाही.

४

सुटी संपून नातू पुण्यास गेला तरी गुरुजींच्या डोक्यातून पट गेला नाही. वॉटर्लूचा विजेता आपल्याच मुलखात घडला हे त्यांनी वर्गात अनेकदा शिकवले होते. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या या गृहस्थाला, युद्धात तुमच्या हातून सर्वांत चांगले काय घडले, असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतल्याची नोंद आहे.

त्यांनी एका जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर केळणा आणि जुई या नद्या काढल्या आणि त्यांच्या बेचक्यात घरे आखली. शिंद्यांच्या कवायती कंपूंसाठी चिंचोके, घोडदळासाठी हरभरे, इंग्रजी पलटणींसाठी उडीद. आकडे पाठ होते. वेलस्लीजवळ कवायती फौज सुमारे सात हजार, त्यांपैकी प्रत्यक्ष लढले ते आणखी कमी. समोर पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखालचे दहा हजारांवर पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि तीस-चाळीस हजार घोडेस्वार. वाटाड्यांनी नदीला उतार नाही असे सांगितले होते. दोन काठांवर दोन गावे समोरासमोर पाहून वेलस्लीने ताडले, की येथे उतार असलाच पाहिजे. गावकऱ्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याने पडलेल्या वाटेवर एका साम्राज्याची लढाई उभी राहिली, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

पुढच्या सुटीत नातू आला तेव्हा पट तयार होता. तीन वेळा डाव मांडला, तिन्ही वेळा उडीद पटाबाहेर गेले. नातू म्हणाला, “आबा, कंपूंचं बळ कमी धरा, म्हणजे इतिहासाशी जुळेल.” गुरुजींनी नकार दिला. बगलेवर शत्रू उतरलेला पाहून पोलमनच्या पायदळाने ऐन वेळी मोर्चा फिरवला होता. ही कवायत वेलस्लीला अनपेक्षित होती. इंग्रजांकडचे पंधराशेहून अधिक लोक मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले. इतका मार देणाऱ्या पायदळाला हलका आकडा देणे म्हणजे पराभव आधी गृहीत धरून मग त्याचे कारण शोधणे. “मग मनोबलाचा आकडा कमी करू,” नातू म्हणाला. गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. पराभूतांच्या अंगातच काही उणे होते, हे साम्राज्याच्या इतिहासकारांचे लाडके प्रमेय. ते एका निरुपद्रवी दिसणाऱ्या अंकात बसून आपल्याच घरी, आपल्याच नातवाच्या तोंडून परत आले होते.

त्यांनी निराळा नियम केला. हरभऱ्यांना हलविण्यापूर्वी फासा टाकावयाचा. सहा पडले तरच ते हलतील. कारण तो अफाट घोडदळसमूह जवळजवळ बघ्याच राहिला, आणि दोन्ही राजे लढाई संपण्याआधीच निघून गेले. दोष अशा रीतीने अंगातून आज्ञेत आला, शिपायातून सरदारात आला. पट तोच, दाणे तेच. एका नियमाने इतिहासाचा अर्थ बदलला. समीक्षेत दृष्टिकोणाचा बदल म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

पण कोणत्या बाजूला बसावयाचे हा प्रश्न राहिलाच. ‘आपण’ म्हणजे शिंदे-भोसले, असे भाषा सांगते. मात्र मुरुडचा परिसर पिढ्यान्पिढ्या निजामी राज्यातला, आणि १८०३ मध्ये निजाम इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या तहाने बांधलेला होता. वेलस्लीच्या जोडीने मोहिमेवर असलेला कर्नल स्टीव्हनसन हैदराबादच्या तैनाती फौजेचाच सेनानी. वसईच्या तहानंतर पेशवाही इंग्रजांकडे होता आणि वेलस्लीच्या छावणीत मराठे स्वारही होते. मागे गेले तरी गुंता सुटत नाही. ३ फेब्रुवारी १७६० चे उदगीर याच जिल्ह्यात. ११ मार्च १७९५ चे खर्डे फार दूर नाही. दोन्ही ठिकाणी ‘आपण’ जिंकलो असे गुरुजींनी पस्तीस वर्षे शिकवले, आणि दोन्ही वेळा या पंचक्रोशीचा धनी हरलेला होता. त्या धन्याचा विजय किंवा पराजय येथल्या कुणब्याने आपला मानला होता काय, याला कोणत्याही पटावर उत्तर नाही. पटाला दोनच बाजू असतात.

५

गुरुजींना युद्ध पहिल्यांदा दिसले ते बैलगाडीतून. १९४८ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, रझाकारांच्या धास्तीने घर सोडून त्यांचे कुटुंब सरहद्दीपलीकडे बार्शी तालुक्यात गेले. मुरुड तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात आणि हैदराबाद संस्थानात. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, हिंदी संघराज्यात. मधली रेघ नकाशावर एका बोटाची. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा नळदुर्गाच्या बाजूने आत शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. पाच दिवसांच्या या मोहिमेला पोलीस कारवाई म्हणतात. ती कोणी पटावर मांडली तर चांगला, आटोपशीर खेळ होईल: एका बाजूचे बळ उघडच जास्त, चाली थोड्या, निकाल निश्चित. रझाकारांनी जाळलेली घरे मोहिमेच्या आधी येतात म्हणून त्या पटावर येणार नाहीत. मोहिमेनंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांतील मुसलमानांवर जो प्रसंग गुदरला आणि ज्याची नोंद सुंदरलाल समितीने केली, तोही येणार नाही, कारण तेव्हा खेळ संपलेला असेल. खेळाला आरंभ आणि शेवट असतो, हे त्याच्या रचनेचे सौंदर्य आहे आणि त्याचे मौनही तिथेच आहे.

परतल्यावर शेजारच्या काही घरांना दारे नव्हती, एवढेच त्यांच्या लक्षात राहिले. कोणाची घरे आणि दारे कोणी नेली, हे पाच वर्षांच्या मुलाला कोणी सांगितले नाही. मोठेपणी विचारण्याजोगे कोणी उरले नव्हते.

असईच्या पटावर मातीच्या भिंतींचे असई हे गाव एका घरात येते. लढाईच्या वर्णनांत ते तोफांचा आडोसा म्हणून येते. चुकून त्याच्या फार जवळ गेलेल्या चौऱ्याहत्तराव्या पलटणीची तिथे वाताहत झाली. तिथे राहणाऱ्यांविषयी ही वर्णने मुकी आहेत. त्या दोन वर्षांत दख्खनेत मोठा दुष्काळ होता आणि वेलस्लीच्या फौजेचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवर चालत होते, हे मात्र ठाऊक आहे. म्हणजे दाण्याला किंमत होती.

गुरुजींनी शेवटचा नियम लिहिला तो असा. आरंभी असईच्या घरात तुरीचे वीस दाणे ठेवावेत. ते कोणत्याही बाजूचे नाहीत. त्यांना चाल नाही, बळ नाही, अंमल नाही. कोणतेही सैन्य त्या घरात किंवा लगतच्या सहा घरांत असेल, त्या प्रत्येक पाळीत एक दाणा उचलावा. डाव संपल्यावर उरलेले दाणे मोजावेत आणि आकडा तारखेसह वहीत लिहावा.

नातवाने नियम दोनदा वाचला. “आबा, याचा जिंकण्या-हरण्याशी काय संबंध?”

“काही नाही.”

“मग मोजायचं कशाला?”

गुरुजींनी फासा त्याच्याकडे सरकवला. पाळी त्याची होती.

खेळाच्या शास्त्रानुसार हा नियम सदोष आहे. ज्या गोष्टीचा निकालावर परिणाम होत नाही तिला नियमांत जागा देऊ नये, हे तत्त्व कोणीही रचनाकार मान्य करील. पण निकालाशी संबंध नसलेल्याची मोजदाद ठेवणे हे काम कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. इतिहासाने ते पुष्कळदा टाळले आहे आणि बखरीने सरदारांपुरते केले आहे. साहित्याकडे ते येत असेल तर साहित्यालाही आपल्या नियमांकडे पाहावे लागेल: कोणती पात्रे बळ आणि चाल घेऊन येतात, आणि कोणती केवळ कोणाचा तरी बचाव दुप्पट करण्यासाठी मांडलेली असतात.

वहीत आजवर अकरा डावांची नोंद आहे. इंग्रज सात वेळा जिंकले, शिंदे-भोसले चार वेळा. असईच्या घरात सर्वांत जास्त उरलेले दाणे नऊ. त्या डावात कोण जिंकले ते लिहावयाचे राहून गेले आहे.